सरहद्दीपलीकडची रेंज : एका प्रवासी ई-सिमचा अकरा दिवसांचा अनुभव

तीन देशांतून जाणाऱ्या अकरा दिवसांच्या प्रवासासाठी मी पहिल्यांदाच प्लास्टिकच्या सिमकार्डाऐवजी प्रवासी ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय थेट फोनमध्ये उतरवून घेता येणारे सिम, घेतले, आणि माझ्याबरोबर आलेल्या ताईने आपल्या नेहमीच्या मोबाइल कंपनीचे आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घेतले. हे ठरवून केलेले नव्हते. पण दोन फोन एकाच डब्यात, एकाच खिडकीशी, दोन वेगळ्या व्यवस्थांवर चालत होते, त्यामुळे तुलना करण्याची जी संधी मिळाली ती एरवी मिळाली नसती. सेवेचे नाव मी या परीक्षणात घेत नाही. तिच्यात जे खटकले तो माझा एकटीचा अनुभव आहे, आणि त्यातून जे समजले ते या प्रकारच्या कोणत्याही ई-सिमला लावून पाहता येईल. माझे मत आधीच सांगते. सेवा घेण्यासारखी आहे, पण ती विकली जाते जीबींच्या आकड्यावर आणि तिचा खरा कस लागतो दुसऱ्याच ठिकाणी. तुमच्या सिमला कोणकोणत्या नेटवर्कांत शिरण्याची परवानगी आहे आणि एका नेटवर्कातून दुसऱ्यात जाताना फोन काय करतो, यावर प्रवासात फोन जोडलेला राहतो की नाही हे ठरते. नेमकी हीच माहिती विक्रीच्या पानावर सर्वांत खाली, बारीक अक्षरांत, तीही अर्धवट होती.

खरेदी आणि मांडणी यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण ती सुरळीत झाली. पैसे भरल्यावर काही मिनिटांत ईमेलने क्यूआर कोड आला. हा कोड म्हणजे सिम नव्हे. त्यात एका सर्व्हरचा पत्ता आणि एक सक्रियता-संकेत असतो, आणि फोन त्या सर्व्हरशी बोलून प्रोफाइल, म्हणजे सिमवरची सगळी माहिती, उतरवून घेतो व फोनमध्ये कायमच्या बसवलेल्या चिपवर ते लिहितो. म्हणजे या कामाला आधी इंटरनेट लागते, आणि म्हणून ते निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवरच उरकावे. परक्या ठिकाणी उतरल्यावर ई-सिम बसवायला इंटरनेट आणि इंटरनेटला ई-सिम अशी अडवणूक होते. कोड ज्या फोनवर आला त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो टिपता येईना, म्हणून मी तो ताईच्या फोनवर उघडून टिपला. सेवेने स्पष्टपणे बजावले होते की एकदा उतरवलेले प्रोफाइल पुसले तर तोच कोड पुन्हा चालणार नाही. ही सूचना ठळक अक्षरांत दिली होती, आणि ती तशीच द्यायला हवी.

पहिला टप्पा एकाच देशात होता. वेगवान रेल्वे ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावत होती आणि मी घरी दादाशी व्हॉट्सअॅपवर बोलत होते. बावीस मिनिटांत आम्ही सत्तरहून अधिक किलोमीटर मागे टाकले, आणि आवाज एकदाही तुटला नाही. हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काय मोठे असे वाटते. पण या वेगाला दोन किलोमीटरभर पसरलेला एक सेल, म्हणजे एका टॉवरने सांभाळलेला भाग, गाडी ३६ सेकंदांत ओलांडते, म्हणजे त्या एका संभाषणात माझा फोन तीस-चाळीस वेळा एका टॉवरच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला असणार. प्रदेशाचे लहान लहान सेल पाडायचे आणि त्याच मोजक्या लहरी दूरच्या सेलांत पुन्हा वापरायच्या, ही कल्पना बेल लॅब्समधील डग्लस रिंग आणि रे यंग यांनी १९४७ च्या डिसेंबरात मांडली होती. तेव्हा हातात धरता येईल असा फोनही नव्हता. तसल्या फोनवरून मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी पहिला कॉल केला तो ३ एप्रिल १९७३ रोजी. सेलांची ही मांडणी आज धावत्या गाडीतल्या गप्पांना पेलते, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

माझ्या फोनमध्ये एक चाचणी-पडदा उघडता येतो, ज्यावर सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये आणि सध्याच्या सेलचा क्रमांक दिसतो. त्या दुपारी मी बराच वेळ तोच पाहत बसले. उणे ८७, उणे ९४, उणे १०१ असा आकडा उतरत जायचा, आणि अचानक सेलचा क्रमांक बदलून आकडा उणे ८३ वर यायचा. पुन्हा उतरण, पुन्हा उडी. त्या उडीत संभाषणाचा एक शब्दही गळत नव्हता. यामागे फोन सतत करत असलेली मोजणी आहे. तो सध्याच्या टॉवरचे तर ऐकतोच, पण शेजारच्या टॉवरांची ताकदही मोजून नेटवर्कला कळवत राहतो. जुन्या जीएसएम (२जी) पद्धतीत कॉल चालू असताना हा अहवाल दर ४८० मिलीसेकंदांनी जात असे आणि त्यात सर्वांत जोरकस अशा सहा शेजाऱ्यांची नोंद असे. हात बदलायचा निर्णय मात्र नेटवर्क घेते. तेही शेजारी जरासा वरचढ दिसला की लगेच घेत नाही. तो ठरावीक फरकाने आणि ठरावीक काळ वरचढ राहिला पाहिजे, नाहीतर दोन सेलांच्या सीमेवर फोन चेंडूसारखा इकडून तिकडे टोलवला जाईल. फोन खिशात निवांत असतो तेव्हा व्यवस्था वेगळी असते. तेव्हा कोणता टॉवर ऐकायचा हे फोन स्वतःच ठरवतो आणि दर वेळी नेटवर्कला कळवत नाही. अनेक सेल मिळून जो विभाग होतो, त्याच्या बाहेर पडला तर आणि अधूनमधून ठरावीक काळानेच तो आपला पत्ता नोंदवतो. कॉल आला की नेटवर्क त्या विभागात हाक मारते.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण हे, की या टप्प्यावरच्या उत्तम अनुभवाचे श्रेय ई-सिम विकणाऱ्याचे नाही. ते स्थानिक नेटवर्कचे आहे. ताईचा फोनही त्या दुपारी तितकाच चांगला चालला. अशा सेवांबद्दल लोक ‘रेंज जबरदस्त’ असे लिहितात तेव्हा ते बहुधा टॉवरांचेच कौतुक करत असतात.

रेल्वेच्या डब्याबद्दल एक गोष्ट लक्षात आली, ती इथेच नोंदवते. खिडकीशी बसल्यावर रेंज चांगली येईल असे आपण धरून चालतो. पण ऊन अडवण्यासाठी नव्या डब्यांच्या काचांवर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, आणि जो थर उष्णता परतवतो तोच मोबाइलच्या लहरीही परतवतो. सिग्नल वीस डेसिबलने घटणे म्हणजे शंभरातला एक भाग उरणे. स्थानकात गाडी थांबली आणि दार उघडले, तेव्हा दाराशी माझ्या पडद्यावरचा आकडा आसनाजवळच्या आकड्यापेक्षा अठराने सुधारला. काही गाड्यांमध्ये टपावर अँटेना लावून डब्यात वाय-फाय दिलेले असते. तेही अखेर बाहेरच्या त्याच टॉवरांकडून येते, पण काचेचा अडसर टळत असल्याने ते पुष्कळदा फोनच्या स्वतःच्या जोडणीपेक्षा बरे चालते. बोगद्यांचे मात्र काही सांगता येत नाही. जिथे भिंतीलगत बाहेरच्या आवरणाला खाचा ठेवलेली केबल टाकलेली असते तिथे ती पूर्ण लांबीभर लहरी झिरपवत जाते आणि बोगद्यातही बोलता येते. जिथे ती नाही, तिथे कोणतेही सिम काही करू शकत नाही.

खरी परीक्षा पहिल्या सरहद्दीवर झाली.

सरहद्दीच्या स्थानकाच्या काही किलोमीटर आधीच माझा आकडा उणे ११८ पर्यंत घसरला होता, आणि पलीकडच्या देशाचे टॉवर डोळ्यांना दिसत असूनही फोन जुन्याच नेटवर्कला धरून बसला होता. एका कंपनीच्या टॉवरांमध्ये फोन हातोहात जातो, तसा तो दोन देशांच्या कंपन्यांमध्ये सहसा जात नाही. आधीचे नेटवर्क ऐकू येत आहे तोवर फोन ते सोडत नाही. ते पूर्ण हरवले की मगच तो निरनिराळ्या पट्ट्यांवर शोध सुरू करतो, सिमवर लिहिलेल्या पसंतीच्या यादीशी सापडलेली नावे ताडतो, एखाद्याकडे नोंदणी मागतो. मग ते परके नेटवर्क तुमच्या मूळ कंपनीला विचारते की हा ग्राहक तुमचाच का, आणि त्याची ओळख पटवण्यासाठी सिमला एक कोडे घालते. सिमच्या आत १२८ बिटांची गुप्त किल्ली असते. ती कधीही बाहेर येत नाही. तिच्या आधारे काढलेले उत्तर तेवढे बाहेर जाते. ही देवाणघेवाण होईपर्यंत आपण पडद्याकडे पाहत बसतो. त्यातच संपूर्ण गाडीतले शेकडो फोन एकाच मिनिटाला त्याच टॉवरकडे हीच मागणी करत असतात, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आमचे दोघींचे कॉल तिथे अर्थातच तुटले. ताईचा फोन मिनिटभरात नव्या नेटवर्कवर लागला आणि स्वागताचा संदेशही आला.

“तुझं लागलं का गं?” ताईने विचारले.

“नाव दिसतंय, पण नेट येत नाहीये.”

“मग माझा हॉटस्पॉट घे तोवर.”

जवळजवळ पाच मिनिटे माझ्या फोनवर नेटवर्कचे नाव होते आणि डेटाची खूण नव्हती. नोंदणी होणे आणि डेटाची वाट मिळणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत; पहिली झाली होती आणि दुसरी अडली होती. शेवटी मी विमान मोड चालू करून अर्ध्या मिनिटाने बंद केला, आणि फोनने सगळे पहिल्यापासून केल्यावर चाळीस सेकंदांत नेट आले. हा उपाय अगदी साधा वाटतो, पण तो अडकलेली जुनी अवस्था टाकून देऊन नवा शोध करायला फोनला भाग पाडतो, आणि म्हणूनच सरहद्द ओलांडल्यावर मी तो पुढे न चुकता केला. सेवेच्या सूचनांत याचा उल्लेख नव्हता. ही सेवा सरहद्दी ओलांडणाऱ्यांसाठीच असल्यामुळे ही उणीव मला मोठी वाटते.

चार दिवसांनी दुसऱ्या सरहद्दीवर नेमके उलटे घडले. एका डोंगराळ गावातून बसने पलीकडे गेलो, तेव्हा माझा फोन दीड मिनिटात लागला आणि ताईच्या फोनवर ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ हीच ओळ टिकून राहिली. ती ओळ निरुपयोगी नसते. आसपास कोणते ना कोणते नेटवर्क आहे, ते तुम्हाला आपला ग्राहक मानत नाही, पण ११२ वरचा कॉल तुम्हाला तिथून करता येईल, असा तिचा अर्थ असतो. ताईच्या कंपनीचा त्या देशात एकाच नेटवर्कशी करार होता आणि त्या गावात त्या एकाची रेंज नव्हती; बाकीच्या दोघांनी तिची नोंदणी नाकारली. नकार मिळालेली नेटवर्के फोन निषिद्ध म्हणून सिमवर लिहून ठेवतो आणि आपणहून पुन्हा त्यांच्याकडे जात नाही. माझ्या ई-सिमला मात्र तिथे तीन नेटवर्कांची परवानगी होती. पुढचे दोन तास ताई माझ्या हॉटस्पॉटवर होती. तिच्या पॅकमध्ये डेटा माझ्या दुप्पट होता, पण त्या दोन तासांत त्यातला एक एमबीही तिच्या कामी आला नाही. ई-सिम घेतल्याचे सार्थक मला वाटले ते याच दोन तासांत.

पण ‘तीन नेटवर्क’ या शब्दांवर मी जो अर्थ चढवला होता, तो दुसऱ्याच दिवशी खोटा ठरला. मला वाटले होते की जिथे जे नेटवर्क सर्वांत जोरकस असेल तिथे फोन त्यावर जाईल. आम्ही एका खोल दरीतल्या वस्तीत उतरलो होतो. माझ्या फोनवर एक दांडी, आकडा उणे ११५, आणि नकाशा उघडायलाही तयार नाही. तिथे राहणाऱ्या बाईंचा फोन मात्र दुसऱ्या नेटवर्कवर छान चालत होता. तेच नेटवर्क माझ्या यादीतही होते. तरी फोन त्याच्याकडे गेला नाही, कारण तो ज्या नेटवर्कवर आहे ते अगदीच हरवत नाही तोवर दुसरे अधिक चांगले आहे एवढ्या कारणाने तो उडी मारत नाही. पसंतीचे नेटवर्क जवळ आले आहे का, हे तो ठरावीक अंतराने पाहतो. ते अंतर सिमवर सहा मिनिटांच्या पटीत लिहिलेले असते. पण ही पसंती कंपन्यांच्या करारांवरून ठरते, तुम्ही उभ्या असलेल्या जागेवरच्या रेंजवरून ठरत नाही.

अशा वेळी नेटवर्क हाताने निवडावे लागते. सेटिंगमध्ये जाऊन स्वयंचलित निवड बंद केली, यादी यायला जवळजवळ दोन मिनिटे लागली, आणि त्या दुसऱ्या नेटवर्कवर बोट ठेवताच आकडा उणे ९१ वर आला. वस्तीतला उरलेला मुक्काम त्यानंतर फार सुखाचा झाला. हाताने निवड केल्यावर एक गोष्ट विसरू नये, ती मी विसरले: स्वयंचलित निवड पुन्हा चालू करायची राहिली, आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरताना जिथे ते नेटवर्क संपले तिथे फोन सरळ ‘सेवा नाही’ म्हणून बसला. शेजारी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असूनही तासभर मी त्या नेटवर्कच्या बाहेरच होते. दोष माझा होता. पण कोणत्या देशात कोणती नेटवर्के खुली आहेत याची यादी सेवेच्या अॅपमध्येच असायला हवी होती, एवढे मी म्हणेनच. मी मदत-कक्षाला लिहिले तेव्हा तीन उत्तरे ‘फोन बंद करून चालू करा’ अशीच आली, आणि चौथ्या उत्तरात यादी मिळाली. ती आधीच डोळ्यांसमोर असती तर दरीतली पहिली संध्याकाळ वाया गेली नसती.

फोनची बॅटरीही त्या दिवशी दुपारपर्यंत निम्म्यावर आली, याचे कारणही रेंजच. टॉवर दूर असला की त्याला ऐकू जावे म्हणून फोन स्वतःचा आवाज चढवतो. ४जी फोन एरवी अगदी थोड्या ताकदीवर भागवतो, पण कमकुवत जागी तो २०० मिलिवॅटपर्यंत जातो. त्यात दोन सिमांचा शोध चालू. दरीत फिरताना घरचे सिम मी पुढे काही तास बंदच ठेवले.

आता वेगाबद्दल. फाइल उतरण्याचा वेग सगळीकडे समाधानकारक होता, आणि तरीही फोन काहीसा जड वाटत होता. दुवा दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पान एकदम येते. मुक्कामाच्या वाय-फायवर उत्तर यायला २० मिलीसेकंद लागत होते आणि ई-सिमवर १९० च्या आसपास. याचा उलगडा बातम्यांचे एक पान मला अजिबात न येणाऱ्या भाषेत उघडले तेव्हा झाला. माझ्या ई-सिमचे प्रोफाइल आम्ही फिरत होतो त्या तिन्ही देशांपैकी कोणत्याच देशाचे नव्हते. ते भलत्याच देशातल्या कंपनीचे होते, आणि माझा सगळा डेटा टॉवरवरून आधी तिकडच्या दारापर्यंत जाऊन मगच इंटरनेटवर उतरत होता. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दार ६,००० किलोमीटरवर असेल तर नुसते जाऊन येण्यात ६० मिलीसेकंद जातात, आणि वाटेतली यंत्रे आपला वेळ वेगळा घेतात. रोमिंगमध्ये डेटा असा मूळ कंपनीच्या दारातून नेणे ही रूढ पद्धत आहे, म्हणून यात फसवणूक काही नाही. जमेची बाजूही आहे: दार एकच राहत असल्यामुळे त्या देशात कितीही टॉवर बदलले तरी फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलत नाही, आणि चालू संभाषण टिकते. वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर येताना मात्र तो पत्ता बदलतो. मुक्कामाच्या दारातून बाहेर पडताना व्हॉट्सअॅपवरचा आवाज दोन-तीन सेकंद जातो, तो त्यामुळेच.

या लांबच्या दाराचा त्रास दोन ठिकाणी झाला. बोलताना उशीर इतका होता की दादा आणि मी एकमेकांच्या वाक्यात शिरत होतो आणि मग दोघेही गप्प होत होतो. आणि माझ्या बँकेच्या अॅपने अनोळखी देशातून आलेली जोडणी म्हणून प्रवेश नाकारला. ते काम मला मुक्कामाच्या वाय-फायवर करावे लागले. ज्याला फक्त नकाशे, निरोप आणि तिकिटे पाहायची आहेत त्याला हा फरक जाणवणारही नाही. ज्याला प्रवासातून कार्यालयाच्या बैठकांना बसायचे आहे, त्याने मात्र विकत घेण्याआधी डेटा कोणत्या देशातून बाहेर पडतो हे विचारून घ्यावे. मी विचारले नव्हते, आणि विक्रीच्या पानावर ते लिहिलेही नव्हते.

ई-सिम फक्त डेटाचे असल्यामुळे घरचे सिम चालू ठेवणे भागच होते. बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दुसरा क्रमांक लक्षात ठेवायला सांगणे मला बरे वाटत नाही. घरच्या सिमवर डेटा रोमिंग बंद आणि ई-सिमवर चालू, अशी मांडणी मी पहिल्याच दिवशी केली. ई-सिमवर ते चालू नसेल तर नेट येणारच नाही, कारण आपण त्या देशात असलो तरी त्या प्रोफाइलच्या दृष्टीने आपण परदेशातच असतो. दोन सिमांच्या बहुतेक फोनांत एका सिमवर बोलणे चालू असताना दुसऱ्याचा डेटा थांबतो. एका अनोळखी चौकात नकाशा पाहत असताना घरच्या क्रमांकावर कॉल आला आणि नकाशा जागच्या जागी गोठला, तेव्हा हे मला कळले. ई-सिमचा यात दोष नाही, पण ज्यांना गाडी चालवताना नकाशा लागतो त्यांनी हे आधीच जाणून असावे.

त्यानंतरचा एक टप्पा आम्ही बोटीने केला. किनारा सुटल्यावर बराच वेळ रेंज होती. समुद्रावर लहरींना अडवायला काही नसते, म्हणून त्या जमिनीवरच्यापेक्षा लांब पोहोचतात; जुन्या जीएसएमला मात्र ३५ किलोमीटरची मर्यादा होती, आणि तिचे कारण ताकदीचे नव्हते. फोनला बोलण्यासाठी दिलेला वेळेचा तुकडा इतका बारीक असतो की त्याहून लांबून आलेला आवाज तो तुकडा संपल्यावर पोहोचतो. भर समुद्रात ताईच्या फोनवर पुन्हा पूर्ण दांड्या दिसल्या आणि तिला आनंद झाला, पण ते बोटीचे स्वतःचे, उपग्रहाशी जोडलेले नेटवर्क होते. अशी नेटवर्के कोणत्याच देशाची नसतात; त्यांतली बरीच ९०१ या आंतरराष्ट्रीय संकेतांकाखाली चालतात. ती रोमिंग पॅकच्या बाहेर असतात आणि त्यांचे दर वेगळेच असतात.

“ताई, विमान मोड लाव आधी,” मी म्हणाले, आणि तिने तो लगेच लावला.

माझे ई-सिम त्या नेटवर्कवर लागलेच नाही, कारण त्याला तिथली परवानगी नव्हती; आणि लागले असते तरी भरलेल्या पैशांच्या पलीकडे एक पैसाही गेला नसता. आधी पैसे भरायचे आणि तेवढेच वापरायचे, या व्यवस्थेत महिनाअखेरीस येणाऱ्या बिलाची धास्ती राहत नाही. माझ्या लेखी हा या सेवेचा दुसरा मोठा गुण आहे. ज्या घरातले वयस्क लोक एकटे प्रवासाला निघतात, तिथे हा गुण रेंजपेक्षाही महत्त्वाचा ठरेल.

डेटाचा हिशेब थोडक्यात. मी दहा जीबी घेतले होते आणि अकरा दिवसांत साडेतीन जीबीसुद्धा संपले नाहीत, तेही ताईला दोन-तीनदा हॉटस्पॉट देऊन. फोटो आपोआप चढवण्याची सोय मी वाय-फायपुरती ठेवली होती आणि लागणाऱ्या भागांचे नकाशे आधीच उतरवून घेतले होते, एवढेच काय ते केले. पुढच्या वेळी मी कमी जीबीचा, पण अधिक नेटवर्कांचा प्लॅन घेईन. ताईने मात्र रोमिंग पॅकच बरे असे ठरवले आहे: तिला सतत कॉल येतात, क्रमांक तोच राहतो, आणि पहिल्या सरहद्दीवर तिचा फोन माझ्याआधी लागला होता हे ती विसरलेली नाही. तिच्या गरजेला ते योग्यच आहे.

परतल्यावर मी ई-सिमचे प्रोफाइल पुसले नाही, फक्त बंद करून ठेवले. पुसले तर नवा कोड, नवी खरेदी. ठेवले तर त्याच प्रोफाइलवर पुन्हा डेटा भरता येतो, असे मदत-कक्षाने त्या चौथ्या उत्तरात कळवले होते. नेटवर्कांची ती यादी मी वहीत उतरवून घेतली आहे, आणि तिच्याखाली दरीतल्या वस्तीचे नाव व तिथे चाललेले नेटवर्कही लिहून ठेवले आहे, कारण पुढच्या वर्षी आम्ही दोघी तिथेच पुन्हा जाणार आहोत.